लांब शेपटीची ऱ्हिसा: नॉर्वेत इतकी, मग गोव्यात का नाही?

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांची भाची नॉर्वेत शिकते. जुलैत तिथल्या जंगलात पाइनच्या ओंडक्यावर बसलेल्या एका माशीचा फोटो तिने पाठवला. माशी काळी, अंगावर पांढरे ठिपके, पाय तांबूस आणि मागे अंगाएवढीच लांब शेपटी. ओळख पटली ती ऱ्हिसा पर्सुएसोरिया या, गांधीलमाशीच्या नात्यातल्या परोपजीवी माशीची. मग त्यांनी इंटरनेटवर तिच्या आढळाचा नकाशा उघडला, तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड ठिपक्यांनी भरलेले आणि भारत जवळजवळ कोरा. त्यानंतर सत्तरीतल्या आपल्या काजूच्या भाटात, पडलेल्या खोडावर त्यांना तशीच लांब शेपटीची माशी दिसली. ती ऱ्हिसाच का? ऱ्हिसा गोव्यात असते का? आणि अशा माशा उत्तरेच्या थंड मुलखातच जास्त का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देतो. ऱ्हिसा पर्सुएसोरिया गोव्यात राहत नाही. भारतात मात्र ती आहे, हिमालयात. तिथल्या उपजातीला हिमालयेन्सिस असंच नाव दिलेलं आहे. तुमच्या काजूच्या खोडावरची माशी बहुतेक दुसऱ्याच कुळातली असणार, तिच्याकडे शेवटी येतो. तिसरा प्रश्न मोठा आहे. त्याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर, म्हणजे ‘तिला थंडी मानवते’, अपुरं आहे. परोपजीवी माशीच्या आढळाचा नकाशा हा आधी तिच्या यजमानाचा, म्हणजे ज्या कीटकावर तिची अळी वाढते त्याचा, नकाशा असतो, मग हवामानाचा, आणि त्यावर माणसांनी कुठे शोधलं याची छाप पडलेली असते. या तिन्ही गोष्टी एकाच ठिपक्यात मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय नकाशा वाचता येत नाही.

यजमानापासून सुरुवात करू. फोटोतली ‘शेपटी’ म्हणजे मादीची अंडी घालायची नळी. ऱ्हिसाची मादी चार सेंटिमीटरपर्यंत लांब होते आणि नळी जवळजवळ तेवढीच. ही नळी तिला लागते कारण तिचं भक्ष्य लाकडाच्या आत असतं. पाइन, फर, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांच्या आजारी किंवा नुकत्याच पडलेल्या खोडांत हॉर्नटेल नावाच्या मोठ्या माशा अंडी घालतात. युरोसेरस गिगास आणि सायरेक्सच्या जाती त्यातल्याच. अंडी घालताना हॉर्नटेलची मादी सोबत अमायलोस्टेरियम नावाची बुरशीही लाकडात सोडते. बुरशी लाकूड पोचट करते आणि अळी ते पोखरत राहते. थंड प्रदेशात अशी एक अळी पूर्ण वाढायला दोन-तीन वर्षं घेते, कधी त्याहूनही जास्त.

ऱ्हिसाची मादी खोडावर चालत मिशांनी साल तपासते. लाकडाच्या आत तीन-चार सेंटिमीटर खोल बसलेली अळी तिला दिसणं शक्यच नाही. तिला वाट दाखवतो तो त्या बुरशीचा आणि अळीच्या विष्ठेचा वास. जागा पक्की झाली की ती पाय ताणून शरीर उंच उचलते, पोटाचं टोक वर घेते आणि नळी लाकडाला काटकोनात लावते. नळीवरची दोन म्यानं आत जात नाहीत, ती वर कमानीसारखी राहतात. घोड्याच्या केसाएवढी बारीक नळी तेवढी लाकडात शिरते. तिच्या आतल्या पात्या एकमेकींवर मागेपुढे सरकतात आणि लाकूड कातरत पुढे जातात. अशा लाकूड भेदणाऱ्या माशांच्या नळीच्या टोकाला जस्त किंवा मँगनीजसारख्या धातूचा अंश सापडलेला आहे, त्यामुळे टोक कठीण राहतं. हे काम वीस मिनिटं चालतं, कधी त्याच्या दुप्पट. अळीपर्यंत पोचली की मादी तिला डंख मारून निश्चल करते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. अंडं त्या नळीतून चेपून, लांबट होऊन खाली येतं. त्यातून निघालेली अळी हॉर्नटेलच्या अळीला बाहेरून खाते, हिवाळा लाकडातच काढते आणि उन्हाळ्यात माशी होऊन बाहेर पडते. नर आधीच खोडावर जमून मादी बाहेर पडायची वाट पाहत असतात.

एवढं सविस्तर सांगितलं, कारण नकाशा यातूनच ठरतो. सूचिपर्णी झाड नसेल तर तिला लागणारी हॉर्नटेल नाही आणि ती हॉर्नटेल नसेल तर ऱ्हिसा नाही. ब्रिटनपासून स्कँडिनेव्हिया, सायबेरिया ओलांडून जपानपर्यंत आणि पलीकडे उत्तर अमेरिकेत सूचिपर्णी जंगलांचा जो पट्टा पसरला आहे, तोच या माशीचा मुलूख. दक्षिणेकडे ती उतरते ती डोंगरांच्या आधाराने: स्पेन, तुर्कस्तान, आणि आपल्याकडे हिमालयातली देवदार, कैल, फर यांची जंगलं.

‘उत्तर’ म्हणजे अक्षांश नव्हे, हे न्यूझीलंडच्या अनुभवावरून आणखी स्पष्ट होतं. सायरेक्स नॉक्टिलिओ ही युरोपातली हॉर्नटेल 1900 च्या आसपास तिथे लाकडातून पोचली आणि लागवडीच्या रेडिएटा पाइनना मारू लागली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून ऱ्हिसा पर्सुएसोरिया नेऊन तिथे सोडली गेली, आणि ती रुजली. पुढे सायरेक्स 1952 साली टास्मानियात आणि 1961 साली ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर सापडली, मग ऱ्हिसा आणि तिच्या जवळच्या इतर जातीही तिकडे सोडल्या गेल्या. म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेलाही ही ‘उत्तरेची’ माशी नांदते. तिथे पाइन आहे आणि पाइनमध्ये तिचं भक्ष्य आहे.

आता गोवा. आपल्या जंगलांत मोलेपासून खोतीगावपर्यंत किंदळ, माट्टी, साग, जांबा, खैर असे वृक्ष आहेत. सूचिपर्णी झाडांचं एकही नैसर्गिक जंगल गोव्यात नाही. पश्चिम घाटात मूळचं सूचिपर्णी म्हणावं असं एक झाड आहे, नागेया वॉलिचियाना, पण तेही पार दक्षिणेच्या डोंगरांत. इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मला वारंवार भेटतो. मिरामारपासून कोलव्यापर्यंत किनाऱ्यावर वाऱ्यात सळसळणारी सुरूची झाडं पाहून पुष्कळ लोक ‘हे पाइनच’ असं धरून चालतात. सुरू सूचिपर्णी नाही. ती फुलझाडांतली आहे, ऑस्ट्रेलिया-आग्नेय आशियाकडची. तिच्या सुईसारख्या दिसतात त्या बारीक फांद्या असतात आणि खरी पानं त्यांच्या पेरांवर खवल्यांएवढी छोटी असतात. सुरूच्या खोडात हॉर्नटेल वाढत नाही, म्हणून सुरूच्या बनात ऱ्हिसा शोधण्यात अर्थ नाही.

तरीही एखादी ऱ्हिसा गोव्यात सापडू शकते का? सापडू शकते, आणि सापडली तर लगेच हुरळून जाऊ नये. हॉर्नटेलची अळी लाकडात दोन-तीन वर्षं राहते. त्या काळात झाड तोडलं जातं, कापलं जातं, खोकी होतात, फर्निचर होतं. युरोपात नव्या घराच्या तुळईतून हॉर्नटेल बाहेर पडल्याच्या घटना जुन्या आहेत, आणि तिच्यासोबत कधी ऱ्हिसाही येते. मुरगाव बंदरातून किंवा रस्त्याने आलेल्या पाइनच्या पेट्यांतून हे घडणं तत्त्वतः शक्य आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अशा लाकडाला गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान सलग 30 मिनिटं द्यावं लागतं, किंवा धुरी द्यावी लागते, आणि तसा शिक्का पेटीवर असतो. पण पेटीतून निघालेली एक माशी म्हणजे आढळ नव्हे. तिची पुढची पिढी वाढायला इथे काही नाही. नकाशे पाहताना शहरात, बंदराजवळ, जंगलापासून दूर पडलेला एकटा ठिपका दिसला की मी आधी लाकडाचं गोदाम आठवतो.

याच्या उलट उदाहरण तुमच्या घरातच असेल. भिंतीवर फिरणारी, पोटाचा छोटासा चपटा भाग सतत वरखाली हलवणारी काळी बारीक माशी पाहिली असेल. ती इव्हानिया अपेंडिगास्टर. झुरळांच्या अंड्यांच्या डबीत ती आपलं अंडं घालते. गंमत म्हणजे जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 साली ऱ्हिसा आणि इव्हानिया या दोघींना एकाच ग्रंथात, एकाच वंशात नोंदवलं होतं. एकीचा यजमान पाइनच्या जंगलाला बांधलेला, म्हणून तिचा नकाशा त्या जंगलाएवढा. दुसरीचा यजमान माणसाबरोबर जहाजांतून जगभर गेला, म्हणून ती पणजीतही आहे आणि थंड देशांतल्या ऊबदार इमारतींतही. दोघींपैकी कोणाला थंडी किती सोसते हा प्रश्न इथे दुसऱ्या क्रमांकावर येतो.

पण येतो, आणि काही जातींच्या बाबतीत तोच पहिला ठरतो. कॅनडाच्या गव्हाच्या मैदानांत ब्रेकॉन सेफी नावाची छोटी परोपजीवी माशी आहे. गव्हाच्या देठात राहणाऱ्या सॉफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळीवर ती जगते. कापणीनंतर तिची अळी उभ्या राहिलेल्या खुंटात हिवाळा काढते, वर उघडं आभाळ. आर. डब्ल्यू. सॉल्ट यांनी 1959 साली दाखवून दिलं की ही अळी हिवाळ्याआधी अंगात भरपूर ग्लिसरॉल साठवते आणि उणे 47 अंशांपर्यंत तिच्या शरीरातला द्रव गोठत नाही. अशी तयारी नसलेली माशी यजमान समोर असूनही तिथे टिकणार नाही.

थंडीइतकाच महत्त्वाचा आहे दिवसाचा उजेड. ऑस्लोला डिसेंबरात सूर्य जेमतेम सहा तास असतो आणि जूनमध्ये जवळजवळ एकोणीस. गोव्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत दोन तासांचाही फरक नाही. उत्तरेतल्या पुष्कळ परोपजीवी कीटकांची सुप्तावस्था दिवस लहान होऊ लागल्याच्या खुणेवर सुरू होते. यजमान हाताशी असण्याच्या काळातच माशी बाहेर पडली पाहिजे. ही वेळ चुकली की सगळं फुकट.

याचं व्यवहारातलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि मित्रकीटक बाहेरून आणून सोडण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. ॲशची झाडं मारणारा एमराल्ड ॲश बोरर हा आशियातला हिरवा भुंगा 2002 साली मिशिगनमध्ये ओळखला गेला. तोवर तो पसरला होता, आणि पुढे कोट्यवधी झाडं गेली. 2007 साली चीनमधून आणलेल्या तीन परोपजीवी माशा तिथे सोडल्या गेल्या. त्यातली स्पॅथियस अग्रिली ही तियानजिन भागातली. उत्तरेकडच्या राज्यांत ती टिकली नाही. दुसरी, टेट्रास्टिकस प्लॅनिपेनिसी, चांगली रुजली, पण तिची नळी आखूड, त्यामुळे जाड सालीच्या मोठ्या झाडांत ती अळीपर्यंत पोचत नाही. मग शास्त्रज्ञ रशियाच्या अतिपूर्वेकडे गेले आणि तिथली स्पॅथियस गॅलिनी आणली. तिला 2015 साली मंजुरी मिळाली. वंश तोच, यजमान तोच, तियानजिन आणि मिशिगन यांच्या अक्षांशांतही मोठा फरक नाही. तरी अग्रिली टिकली नाही, आणि गॅलिनी निवडली गेली ती थंड मुलखातली होती म्हणून. नळीची लांबी, हिवाळ्याची तीव्रता, बाहेर पडण्याची वेळ या बारकाव्यांवर सगळा खेळ आहे.

आपल्याकडचं पपईचं उदाहरण याच न्यायाने वाचता येतं. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 साली कोइंबतूरला दिसला आणि दक्षिण भारतभर पसरला. 2010 साली पोर्टो रिकोहून ॲसरोफेगस पपाई ही परोपजीवी माशी आणली गेली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने ती वाढवून वाटली आणि कीड आटोक्यात आली. पोर्टो रिको 18 अंश उत्तरेवर, दमट, बर्फ नाही, आणि यजमान वर्षभर हजर. तिथली माशी इथे रुळली यात नवल नाही. म्हणून कुळागरवाले किंवा पपईवाले एखाद्या परदेशी मित्रकीटकाची जाहिरात दाखवतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो: मूळची कुठली? नेदरलँड्सच्या काचघरात वाढणारी माशी तिथल्या पिकात सोन्यासारखी असेल, पण एप्रिलच्या उकाड्यात उघड्या भाटात तिचं काय होईल हे आधी पाहायला हवं.

आता तिसरा थर, शोधणाऱ्यांचा. तुमच्या नकाशावरचे स्वीडन-नॉर्वेचे ठिपके इतके दाट आहेत त्याचं एक कारण तिथली माणसं आहेत. तिकडे हौशी निरीक्षकांच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर गोळा होतात, तज्ज्ञ त्या तपासतात आणि त्या थेट जागतिक भांडारात जातात. स्वीडनने 2003 ते 2006 या काळात देशभर मॅलेज सापळे लावून कोट्यवधी कीटक गोळा केले, ते वेगळे करण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. मॅलेज सापळा म्हणजे जाळीचा तंबू. कीटक जाळीला अडतो, उजेडाकडे वर चढतो आणि कोपऱ्यातल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. तो रेने मॅलेज या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने बनवला आणि पहिल्यांदा वापरला तो 1930 च्या दशकात ब्रह्मदेशात. उष्ण कटिबंधातल्या जंगलात सुरू झालेलं साधन वापरून उत्तर युरोप पालथा घातला गेला आणि आपले प्रदेश मागेच राहिले, याचं मला खरोखर वाईट वाटतं. गोव्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जुन्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या कीटकसूची आपण आजही चाळतो, पण गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता, त्या राज्याचा भागच नव्हता.

या अर्धवट शोधाचा परिणाम मोठा झाला. ऱ्हिसाच्या कुळात, म्हणजे इक्न्युमोनिडी कुळात, सुमारे 25,000 जातींना नावं मिळाली आहेत. हे कुळ नेहमीच्या नियमाच्या उलट वागतं, उत्तरेच्या समशीतोष्ण पट्ट्यात ते उष्ण कटिबंधापेक्षा जास्त समृद्ध आहे, असं 1970 च्या दशकापासून मांडलं जात होतं. कारणंही पटण्यासारखी दिली गेली. डॅनियल जॅन्झन यांचं म्हणणं असं की उष्ण कटिबंधात यजमानांच्या जाती पुष्कळ, पण प्रत्येक जात विरळ, त्यामुळे एकाच जातीवर जगणाऱ्या माशीला ती शोधणं परवडत नाही. दुसरं कारण असं सांगितलं गेलं की उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या पानांत विषारी द्रव्यं जास्त, ती खाणाऱ्या अळ्या विषारी, म्हणून त्यांच्यात वाढणाऱ्या परोपजीवींना जड जातं. मग फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी पेरूच्या अमेझॉन जंगलात आणि युगांडाच्या किबाले जंगलात दीर्घकाळ सापळे लावले, आणि जातींमागून जाती निघू लागल्या. काही उपकुळं तिथे उत्तरेपेक्षाही समृद्ध ठरली. माझं मत असं: काही गट खरंच उत्तरेचे आहेत, सॉफ्लाय आणि हॉर्नटेलवर जगणारे तर निश्चित, कारण त्यांचे यजमानच मुख्यतः उत्तरेचे. पण सबंध कुळाबद्दल ‘उत्तरेत जास्त’ असं म्हणताना मोकळ्या नकाशाला रिकामं जंगल समजण्याची घाई झाली होती. खुद्द आपल्याकडे झँथोपिम्पला पाहा. पिवळीधमक, अंगावर काळे ठिपके, पावसाळ्यानंतर कुळागरात सहज दिसणारी, फुलपाखरं-पतंगांच्या कोषांत अंडी घालणारी. तो वंश मुख्यतः उष्ण कटिबंधाचाच आहे.

तर तुमच्या काजूच्या खोडावर काय होतं? पडलेल्या काजूत हॉर्नटेल नसते, पण लाँगहॉर्न भुंग्यांच्या अळ्या असतात. काजूचं खोड पोखरणारा तांबूस भुंगा गोव्यातल्या बागायतदारांना वेगळा सांगायला नको. अशा भुंग्यांच्या अळ्यांवर जगणाऱ्या लांब नळीच्या माशा उष्ण कटिबंधात भरपूर आहेत. त्यात स्टेफॅनिडी कुळ माझ्या मनात पहिलं येतं, कारण सुक्या खोडांवर रेंगाळणं ही त्यांची खासियत. ब्रेकॉनिडी कुळातलीही एखादी असू शकेल. भिंगाखाली फरक सोपा आहे. स्टेफॅनिडीचं डोकं गोल, कपाळावर काट्यांसारखे उंचवटे, मान लांब, मागच्या पायाची मांडी फुगीर आणि तिच्या खालच्या कडेला दात. ऱ्हिसाला यातलं काही नसतं. तिच्या काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात.

पुन्हा दिसली तर तीन फोटो घ्या: एक बाजूने, मागचा पाय स्पष्ट येईल असा, एक डोक्याचा समोरून, आणि एक पुढच्या पंखाचा. पंखातल्या शिरांची रचना कुळ ठरवायला सर्वांत खात्रीची. माशी खोडात नळी घालून बसली असेल तर ती हलत नाही, त्यामुळे घाई करू नका. सकाळी उन्हं खोडावर आली की शोधा. आणि ते खोड लगेच जळणाला नेऊ नका. फूटभर तुकडा कापून बारीक जाळीच्या पिशवीत बांधून, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी टांगून ठेवा. येत्या महिन्यांत त्यातून भुंगे निघतील, माशाही निघतील, आणि कोण कुणावर जगत होतं याचा निदान सुगावा तुमच्या हातात असेल. पिशवीवर गावाचं नाव, झाडाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.